वनस्पतींमधील जड धातूंचे शोषण व संचय

मातीतील कॅडमियम, शिसे, पारा, निकेल, आर्सेनिक यांसारखी विषारी मूलद्रव्ये मुळांवाटे वनस्पतीत शिरणे आणि ठरावीक ऊतींत साठून राहणे, या प्रक्रियेला जड धातूंचे शोषण व संचय म्हणतात. आर्सेनिक काटेकोर अर्थाने धातुसदृश आहे. विषारीपणामुळे ते याच गटात धरतात. जस्त, तांबे, मँगॅनीज आणि अगदी किंचित निकेल वनस्पतीला लागतेच. शिसे, पारा व आर्सेनिक यांचा मात्र तिला काहीही उपयोग नाही.

मग ती आत येतात कशी? यांच्यासाठी मुळांमध्ये वेगळे दार नसते. ती अन्नद्रव्यांच्या दारातून शिरतात. कॅडमियम लोह व जस्त आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांतून येते, तर भातात मुख्यतः मँगॅनीजच्या वाहकातून (एनरॅम्प-५). आर्सेनेट हे आर्सेनिकचे एक रूप फॉस्फेटसारखे दिसते म्हणून फॉस्फेटच्या वाटेने जाते. पाणी साचलेल्या मातीत तयार होणारे त्याचे दुसरे रूप, आर्सेनाइट, सिलिकॉनच्या वाटेने शिरते. भाताला सिलिकॉन भरपूर लागते, त्यामुळे इतर तृणधान्यांच्या तुलनेत भातात आर्सेनिक अधिक जाते. लोहाची कमतरता असलेले रोप लोहाचे वाहक वाढवते आणि त्याबरोबर कॅडमियमही जास्त ओढते. जस्ताची उणीव असलेल्या जमिनीतही असाच अनुभव येतो. म्हणून अशा जमिनीत जस्त व लोहाची कमतरता भरून काढणे हा कॅडमियमवरचाही उपाय ठरतो.

मातीत धातू एकूण किती आहे, यापेक्षा त्यातला किती विरघळलेला आहे हे महत्त्वाचे. सामू (पीएच; तो जितका कमी तितकी माती आम्ल) ७ च्या आसपास असताना मातीच्या कणांना धरून राहिलेले कॅडमियम सामू ५ पर्यंत उतरला की सुटते. चुना घातल्यावर पिकातले प्रमाण घटते ते याचमुळे. सेंद्रिय पदार्थ व लोहाची ऑक्साइडे धातूंना बांधून ठेवतात. सिंचनाच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर कॅडमियम त्याच्याशी जोडी करून द्रावणात राहते, आणि मग सामू चांगला असूनही पीक ते उचलते. शिसे मातीला इतके घट्ट चिकटते की मुळांमध्ये फारच थोडे जाते.

मुळामध्ये शिरलेला धातू आधी पेशीभित्तिकेतील पेक्टिन या चिकट कर्बोदकाला चिकटतो. पुढे अंतस्त्वचेत (मुळाच्या आतल्या पेशींच्या थरात) कॅस्पेरियन पट्टी, म्हणजे पाणी न झिरपू देणारा पट्टा, पेशींमधली वाट बंद करते आणि धातूला पेशीच्या आतूनच जावे लागते. मुळाच्या टोकाशी ही पट्टी अजून तयार झालेली नसते व उपमूळ फुटताना ती तुटते. तेथून गळती होते. जलवाहिनीत धातू ढकलण्याचे काम एचएमए-४ सारखे प्रथिनांचे पंप करतात. जस्त व कॅडमियम साठवणाऱ्या अरॅबिडॉप्सिस हॅलेरी या वनस्पतीत त्याच्या जनुकाच्या तीन प्रती आढळतात, आणि धातू मुळात न थांबता वर जाण्याचे ते एक मुख्य कारण आहे.

साठवण म्हणजे विष निरुपद्रवी करून कडेला ठेवणे. कॅडमियम पेशीद्रवात आले की ग्लुटाथायोन या पेशीतील लहान रेणूपासून फायटोकेलॅटिन नावाचे धातू पकडणारे रेणू तयार होतात. ग्लुटामेट–सिस्टीन ही अमिनो आम्लांची जोडी २ ते ११ वेळा आणि शेवटी ग्लायसीन, अशी ही छोटी साखळी असते. सिस्टीनमधील गंधक धातूला पकडतो आणि ही जुळणी रिक्तिकेत (पेशीतील साठवणीच्या पिशवीत) लोटली जाते. अतिसंचयी, म्हणजे धातू असाधारण प्रमाणात साठवणाऱ्या, वनस्पती मात्र फायटोकेलॅटिनवर फारशा विसंबत नाहीत. त्यांत मॅलेट, सायट्रेट यांसारखी सेंद्रिय आम्ले धातूला बांधतात. नोक्सिया सीरुलेसन्स या जस्त साठवणाऱ्या वनस्पतीच्या पानाचा छेद घेतला तर सर्वाधिक जस्त अपित्वचेतील (पानाच्या बाहेरच्या थरातील) मोठ्या पेशींच्या रिक्तिकांत सापडते आणि प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशी बऱ्याच अंशी वाचलेल्या असतात. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरील पिक्नँड्रा ॲक्युमिनाटा या झाडाच्या सालीला खाच पाडली की निळसर हिरवा चीक येतो. १९७६ मध्ये नोंदल्याप्रमाणे त्याच्या कोरड्या वजनात सुमारे २५ टक्के निकेल असते.

कोरड्या पानाच्या दर किलोत कॅडमियम १०० मिग्रॅ., निकेल, आर्सेनिक किंवा शिसे १,००० मिग्रॅ., जस्त ३,००० मिग्रॅ. वा मँगॅनीज १०,००० मिग्रॅ. याहून अधिक असेल तर वनस्पती अतिसंचयी मानतात. आर्सेनिकचे अतिसंचयी म्हणून टेरिस विटाटा हे नेचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

पिकांत धोका कोणता भाग खाल्ला जातो त्यावर ठरतो. पालेभाज्या व तंबाखूची पाने कॅडमियम सहज साठवतात; फळे व दाणे रसवाहिनीतून पोसले जात असल्याने त्यांत ते तुलनेने कमी पोचते. भातात खरी कोंडी आहे. खाचरात पाणी उभे असले तर कॅडमियम सल्फाइडच्या रूपात अडकते, पण आर्सेनिक सुटते. पाणी काढले तर उलटे घडते. कॅडमियमच्या जमिनीत लोंबी येण्यापूर्वी व नंतर सुमारे तीन आठवडे पाणी ठेवतात, पण आर्सेनिकच्या जमिनीत हाच उपाय घातक ठरतो. माती तपासल्याशिवाय यांपैकी कोणताही सल्ला देऊ नये.

झाडे लावून माती स्वच्छ होते, हा दावा गणिताने तपासावा. हेक्टरभर जमिनीचा वरचा २० सेंमी. थर सुमारे २,६०० टन भरतो. त्यातले कॅडमियम २ वरून १ मिग्रॅ./किग्रॅ. वर आणायचे म्हणजे २.६ किलो काढायचे. वर्षाला ५ टन कोरडे पीक आणि त्यात १०० मिग्रॅ./किग्रॅ. धरले तर अर्धा किलो निघतो. पाच-सहा पिके लागतील, आणि प्रमाण घटत जाते म्हणून प्रत्यक्षात अधिकच. शिसे १,००० वरून ४०० वर आणायला १,५६० किलो काढावे लागतील. १० टन पिकात १०० मिग्रॅ./किग्रॅ. असेल तर एका पिकात एकच किलो. ईडीटीए हे धातूला धरून द्रावणात आणणारे रसायन घालून शिसे विरघळवले की पिकात वाढते खरे, पण मोठा भाग भूजलाकडे झिरपतो. उघड्या शेतात हे करू नये. कापलेले पीक जागेवर कुजू दिले तर धातू वरच्या थरात परत येतो.

मोजमापातील चुका फसव्या असतात. पानावरची धूळ शिशाचा आकडा फुगवते, म्हणून पाने नळाच्या आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन टायटॅनियमही मोजावे. वनस्पती ते फार थोडे घेते, तेव्हा जास्त आढळले तर माती चिकटलेली आहे असे समजावे. नमुना ६०–७० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. पाऱ्यासाठी एवढी उष्णता नको, तो उडून जातो. स्टीलच्या दळणीतून निकेल व क्रोमियम मिसळते. उपलब्ध (पिकाला उचलता येण्याजोग्या) धातूसाठी १० ग्रॅम माती २० मिली. डीटीपीए या तशाच रसायनाच्या द्रावणात (०.००५ मोलर, सामू ७.३) दोन तास हलवून गाळतात. कुंडीत धातूचे क्षार ताजे मिसळून केलेल्या चाचण्या शोषण फुगवून दाखवतात, कारण वर्षानुवर्षे मातीत मुरलेला धातू तितका मोकळा नसतो. असे आकडे शेताला लावू नयेत.