बेंटेक्स का सोसत नाही?

माळेगावच्या यात्रेतून किंवा लातूरच्या गंजगोलाईतून हौसेने आणलेले बेंटेक्सचे झुमके दोन दिवस कानांत राहिले, की काही मुलींच्या कानाच्या पाळीला खाज सुटते, भोकाभोवती लाल कडा उमटते, त्यातून चिकट पाणी झरू लागते आणि सकाळी कान उशीला चिकटलेला असतो. ‘मला नकली सोसत नाही’ असे ती सांगते, तेव्हा घरातल्यांना तो सोन्यासाठीचा हट्ट वाटतो. तो हट्ट नव्हे. बहुतेक वेळा ती निकेल या धातूची अ‍ॅलर्जी असते आणि धातूंमुळे होणाऱ्या त्वचेच्या अ‍ॅलर्जींमध्ये जगभर हीच सर्वांत जास्त आढळते.

निकेल चांदीसारखे चकाकते, सहसा गंजत नाही आणि सोन्याचांदीच्या मानाने फार स्वस्त पडते. पितळी दागिन्याला सोन्याचे पाणी देण्याआधी पुष्कळदा निकेलचा थर चढवतात. पाणी उडाले, की तो थर उघडा पडतो. ज्या ‘जर्मन सिल्व्हर’ची जोडवी आणि पैंजण आपण चांदीच्या जवळचे समजून घेतो, त्यात तर चांदी नसतेच, तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे.

धातू जसाच्या तसा त्वचेत शिरत नाही. घामातील क्षारांमुळे त्याचे अतिसूक्ष्म विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात आणि तेच त्वचेत उतरतात. म्हणूनच परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, त्या दिवसांत हिवाळ्यात निमूट बसलेला दागिना अंगाला चावू लागतो. त्वचेत गेलेले निकेल तिथल्या प्रथिनांना चिकटते. जर्मनीतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की मुळात जिवाणूंचा सुगावा घेण्यासाठी असलेल्या आपल्या पेशींवरील एका ग्राहीला, म्हणजे बाहेरचे संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला, निकेल थेट जोडले जाते आणि शरीर खोट्या इशाऱ्याने सावध होते. त्यानंतर रोगप्रतिकारशक्तीच्या ‘टी’ पेशी निकेलला शत्रू म्हणून ओळखू लागतात. ही ओळख पटेपर्यंत वरून काहीच दिसत नाही. पुढे मात्र निकेलचा स्पर्श झाला, की साधारण एक ते तीन दिवसांत पुरळ उठते आणि ती ओळख बहुधा जन्मभर पुसली जात नाही. वर्षानुवर्षे घातलेली वस्तू एकाएकी बाधू लागते, ती यामुळे.

युरोपातील पाहण्यांचा एकत्रित विचार करता सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे ११ टक्के लोकांना ही अ‍ॅलर्जी असते आणि स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुरुषांच्या कित्येक पट असते. यात स्त्रीच्या त्वचेचा दोष नाही. कान-नाक टोचल्यामुळे निकेलला त्वचेचा पहारा चुकवून आत शिरण्याची वाट मिळते, हे त्यामागचे मोठे कारण आहे. डेन्मार्कने १९९० च्या सुमारास आणि युरोपीय संघाने १९९४ मध्ये दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. त्यानंतर तिथल्या तरुण मुलींमध्ये हे प्रमाण उतरत गेले.

पुरुषांमध्ये ही अ‍ॅलर्जी बेंबीखाली दिसते, जीन्सचे बटण किंवा पट्ट्याचे बक्कल जिथे घासते नेमक्या त्या जागी. तिला गजकर्ण समजून मेडिकलवरून आणलेले स्टेरॉइडचे मलम महिनोन्महिने चोळले जाते, त्वचा पातळ होत जाते आणि बटण तिथेच राहते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर निकेलयुक्त पट्टी ४८ तास चिकटवून पॅच टेस्ट करतात, तीत निदान होते. स्टीलच्या भांड्यांची मात्र धास्ती घेऊ नये. त्यांत निकेल असले, तरी ते घट्ट बांधलेले असते आणि हाताळताना फारच थोडे सुटते.

दागिन्याला आतून पारदर्शक नेलपॉलिश लावण्याचा घरगुती उपाय उपयोगी पडतो, पण थर झिजेल तसा तो पुन्हा लावावा लागतो. खरी काळजी घ्यायची ती कान टोचताना. आपल्याकडे सोनार तान्ह्या बाळाचे कान सोन्याच्या तारेने टोचतो. २२ कॅरेट सोन्यात सहसा तांबे आणि चांदी मिसळलेली असते, निकेल नसते. त्यामुळे जखम पूर्ण भरून येईपर्यंत तीच तार कानांत राहू द्यावी आणि भोक ओले असताना बेंटेक्सचे टॉप्स घालू नयेत.