सुगंधी वनस्पतींची घरगुती लागवड (नागपूर)

घराच्या परसात, अंगणातल्या वाफ्यात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत, पानांत वा मुळांत गंध आणि स्वाद अधिक उतरावा या हेतूने केलेली वनस्पतींची लागवड. भाजीपाल्याच्या परसबागेत पीक किती आले हे पाहतात. येथे मूठभर पाने चुरगळल्यावर वास किती दरवळतो आणि वाळवून ठेवलेली पाने चार महिन्यांनी कितपत गंध राखून असतात, यावर लागवडीचे यश ठरते. नागपुरात या कामासाठी प्रामुख्याने तुळस, पुदिना, गवती चहा, पानओवा, मरवा, गोडलिंब (कढीपत्ता), सांभार (कोथिंबीर) आणि वाळा या वनस्पती लावल्या जातात.

वनस्पतींचा गंध हा बहुतांशी बाष्पनशील, म्हणजे सहज हवेत उडून जाणाऱ्या, तेलांचा असतो आणि या तेलांत टर्पीन वर्गातील संयुगांचा वाटा मोठा असतो. पाच कार्बन अणूंच्या आयसोप्रीन या एककाच्या जोडणीतून ती तयार होतात. दोन एककांची मोनोटर्पिने हलकी व लवकर उडून जाणारी, तर तीन एककांची सेस्क्विटर्पिने जड आणि टिकाऊ असतात. या वर्गाच्या रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या ओटो वालाख यांना १९१० मध्ये आणि आयसोप्रीनचा नियम मांडणाऱ्या लिओपोल्ड रुझिचका यांना १९३९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन, गवती चहातील सिट्रल, धन्यातील लिनालूल आणि मिरीतील कॅरिओफायलीन ही याच कुळातली नावे होत. तुळशीला लवंगेची आठवण करून देणारा वास देणारे युजेनॉल मात्र वेगळ्या मार्गाने, फिनिलप्रोपेनॉइड गटात तयार होते. आपण ज्याला स्वाद म्हणतो त्यातला मोठा भागही प्रत्यक्षात गंधच असतो: घास चावताना सुटणारी वाफ घशामागून नाकात पोहोचते आणि जिभेला ठाऊक असलेल्या मोजक्या चवींना आपले वेगळेपण देते. सर्दी झालेल्याला पुदिन्याची चटणी निव्वळ आंबट-तिखट लागते, ती याचमुळे.

तेल झाडात नेमके कुठे साठते, यावर त्याची हाताळणी अवलंबून असते. तुळस, पुदिना, मरवा आणि पानओवा या एकाच कुळातील वनस्पतींत ते पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथिल केसांत असते. पान नुसते चोळले तरी या ग्रंथी फुटतात, म्हणून अशा पानांना तोडताना व धुताना जपावे लागते. गोडलिंब हा संत्र्याच्या कुळातला. त्याचे पान उन्हासमोर धरले असता दिसणारे अर्धपारदर्शक ठिपके म्हणजे पानाच्या आत दडलेल्या तेलाच्या पिशव्या होत. गवती चहाचे तेलही पात्याच्या आतील पेशींत असते, त्यामुळे पाती कापून किंवा कुटून उकळल्याखेरीज चहाला पुरता वास उतरत नाही.

झाड हे तेल मुळात माणसासाठी बनवत नाही. पाने खाणाऱ्या किडींना दूर ठेवणे, बुरशीला अटकाव करणे, कडक ऊन सोसणे अशी कामे त्याच्या मागे असतात, आणि म्हणूनच भरपूर पाणी, भरपूर खत व थंड सावली मिळालेले झाड अंगाने भरते पण गंधाने फिके राहते. नागपूरच्या परिसरात ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये, कारण येथील संत्रा बागायतदार ‘ताण देणे’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. आंबिया बहारासाठी थंडीत आणि मृग बहारासाठी मे महिन्यात बागेचे पाणी तोडून झाडाची वाढ थांबवली जाते आणि नंतर पाणी मिळताच झाड फुलावर येते. कुंडीतल्या तुळशीला द्यायचा ताण यापेक्षा पुष्कळ सौम्य आणि वेगळ्या हेतूचा असतो. वरची दोन बोटे माती कोरडी होऊ द्यावी, पाने किंचित मलूल दिसू लागताच पाणी द्यावे, एवढाच त्याचा अर्थ. अशा मोजक्या टंचाईत पाने लहान व जाड होतात आणि वजनाच्या मानाने त्यांतील तेलाचे प्रमाण वाढते. एकूण पाला मात्र कमी मिळतो. ताण लांबला तर पाने गळतात आणि तेलही घटते. परसबागेविषयीच्या सल्ल्यांत रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालण्याचा आग्रह दिसतो. पावसाळ्यात किंवा थंडीत तो नागपूरच्या कुंड्यांना मानवत नाही.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जाणे येथे नवलाचे नाही, आणि मेअखेरच्या नवतप्यात सिमेंटच्या गच्चीवर ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतील माती हवेहूनही अधिक तापते. त्या काळात ताण देण्याचा विचारही करू नये. गच्चीवर हिरवी जाळी बांधणे, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवणे, मातीच्या कुंड्या वापरणे, वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालणे आणि दिवस मावळल्यावर पाणी देणे हे येथील नेहमीचे उपाय होत. कूलरच्या आडोशाला पुदिना ठेवण्याची पद्धतही घराघरांत दिसते. तेथे पुदिना जगतो, पण उन्हाला मुकल्याने त्याचा वास कमी होतो. जाळीखाली वाढलेल्या पाल्याचेही तेच होते. नागपुरी उन्हाळा हा झाड जगवण्याचा काळ आहे, गंध कमावण्याचा नव्हे. गंधाच्या दृष्टीने येथील सर्वोत्तम दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी, जेव्हा ऊन भरपूर, हवा कोरडी आणि रात्री थंड असतात.

नागपूर जिल्ह्याच्या मोठ्या भागातील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय असलेल्या या शहरात मातीविषयी अनास्था असू नये. पण कुंडीत सरळ अंगणातली काळी माती भरण्याची चूक सर्रास होते. तशा कुंडीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. काळ्या मातीत साधारण तेवढीच जाड वाळू वा बारीक मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळले की निचरा सुधारतो. चुनखडीयुक्त मातीत लोह झाडाला नीट मिळत नाही, शिरा हिरव्या राहून बाकीचे पान पिवळे पडते. गोडलिंबावर हे विशेष दिसते. युरिया घातल्यास पाने महिनाभरात मोठी व गर्द होतात, परंतु त्या घाईने वाढलेल्या पानांत गंध विरळ असतो. सुगंधी झाडांना खत कमीच द्यावे, आणि दिलेच तर तोडणीनंतर द्यावे, हे बरे.

तुळशीच्या बाबतीत घरोघरच्या वृंदावनातील झाड अनेकदा मंजिऱ्यांनी लगडलेले असते. बी धरू लागल्यावर झाडाची शक्ती पानांकडून वळते. पूजेची तुळस आणि काढ्याची तुळस अशी दोन झाडे ठेवली तर दुसरीचे शेंडे खुडत राहता येतात. घरच्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्व्होनचा. गंमत अशी की त्याच रेणूचे आरशातले रूप शहाजिऱ्यात असते आणि नाकाला ते निराळे कळते. पुदिन्याची मुळे कुंडी भरून टाकतात, म्हणून वर्षातून एकदा तो उपटून नव्या मातीत लावावा लागतो. गवती चहाचे बेट दोन-तीन वर्षांनी फोडावे. सांभाराची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी आहे: त्याच्या पानांचा वास टर्पिनांपेक्षा आल्डिहाइडांचा असतो, तो वाळवण्यात टिकत नाही आणि उन्हाची तिरीप वाढताच झाड फुलावर येऊन पाने दोऱ्यासारखी होतात. सांभारवडीचा हंगाम थंडीत का, याचे उत्तर येथे आहे. धने दोन फाकांत फोडून दर पंधरा दिवसांनी थोडे पेरत राहिल्यास ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत घरचा ताजा सांभार मिळतो.

गंधासाठी घरी वाढवल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या जगभरच्या चर्चेत भांगेचे झाड (कॅनॅबिस सटायव्हा) वारंवार येते, कारण त्याचे गंधशास्त्र तुळस-पुदिन्याशी मिळतेजुळते आहे. मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील ग्रंथिल केसांत मिर्सीन, पायनीन, लिमोनीन, कॅरिओफायलीन ही टर्पिने मादक द्रव्यासोबतच तयार होतात; त्याचा ओळखू येणारा उग्र दर्प अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त संयुगांमुळे असतो. भारतात मात्र या झाडाची घरगुती लागवड हा गुन्हा आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कलम ८ नुसार शासकीय परवानगीवाचून ही लागवड करण्यास मनाई असून कलम २० अन्वये १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फुलोरा सोबत नसलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, यावरून एखादी कुंडी चालते असा समज करून घेतला जातो. तो चुकीचा आहे, कारण मनाई झाड लावण्यालाच आहे आणि ‘स्वतःपुरते एक झाड’ अशी सवलत कायद्यात नाही. नागपूर ही राजधानी असलेल्या ब्रिटिशकालीन मध्य प्रांतात गांजाची परवानाधारक शेती निमाड जिल्ह्यात खंडव्याजवळ होत असे, आणि १८९३–९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने तिची दखल घेतली होती. तो परवान्यांचा काळ मागे पडला आहे.

तोडणीची वेळ गंधावर मोठा परिणाम करते. दव सुकल्यानंतर पण ऊन चढण्यापूर्वी, म्हणजे हिवाळ्यात साधारण आठ ते दहाच्या दरम्यान, पाने तोडावीत. दुपारी हलकी मोनोटर्पिने हवेत निघून जातात. पुदिना फुलोरा धरण्याच्या बेतात असताना सर्वाधिक सुवासिक असतो. पाने उन्हात वाळवू नयेत. उन्हाळी पापड-कुरडयांची सवय असलेल्या घरात हा नियम मोडला जातो आणि हाती उरते ती गवतासारखी तपकिरी पाने. खोलीत पंख्याखाली सुती कापडावर एकेरी थर पसरावा. नागपूरच्या मार्च-एप्रिलमधील कोरड्या हवेत पुदिना दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होतो, जुलैमध्ये मात्र तोच आठवडाभर ओलसर राहून बुरशीला बळी पडतो, म्हणून पावसाळ्यात वाळवण्याच्या भानगडीत पडू नये. वाळलेली पाने अखंड ठेवून झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवतात आणि वापरतेवेळीच चुरतात. आधीच चुरून ठेवल्यास ग्रंथी फुटून तेल उडते आणि उरलेले हवेतील ऑक्सिजनने बदलून जुनाट वास येऊ लागतो.

वाळा या सगळ्या नियमांना अपवाद आहे. त्याचा गंध पानांत नसून मुळांत असतो आणि तो प्रामुख्याने सेस्क्विटर्पिनांचा असल्याने वर्षानुवर्षे टिकतो. पाणी शिंपडले की जुन्या वाळ्याच्या ताट्याही पुन्हा दरवळतात. घरी तो उभ्या ड्रममध्ये किंवा जाड पोत्यात लावतात, कारण मुळे सरळ खाली खोल जातात आणि उथळ कुंडीत ती गुंडाळी होऊन बसतात. साधारण दीड वर्षाने, थंडीत, ड्रम आडवा पाडून माती धुऊन मुळे काढली जातात व सावलीत सुकवली जातात. त्यांतली एक जुडी माठात, बाकीची कूलरच्या ताटीत, आणि वरचे फुटवे पुन्हा त्याच ड्रममध्ये जातात.