दुखतो गुडघा, पू खुब्यात

गुडघा सुजला तर कुणालाही दिसतो. खुब्याचं तसं नाही. हा सांधा जाड स्नायूंखाली इतका खोल दडलेला असतो, की आत पू झाला तरी वरून ना सूज दिसते ना लाली. त्यात खुब्याला आणि गुडघ्याला एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. त्यामुळे लहान मूल बोट दाखवतं गुडघ्याकडे, आणि कधीकधी एक्स-रेही निघतो गुडघ्याचाच!

खरी खूण सापडते ती पाय ठेवण्याच्या ढबीत. मूल मांडी किंचित दुमडून, पाय बाहेर वळवून पडून राहतं. कारण या ढबीत सांध्याच्या पिशवीत सर्वांत जास्त जागा होते, ताण उतरतो. तो पाय कुणी हलवला, की किंचाळतं. तान्ह्या बाळाला तर तापही नसू शकतो. लंगोट बदलताना रडतं, एक पाय हलवत नाही, बस्स.

घाई करायची ती हाडासाठी. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या याच पिशवीतून जातात आणि पुवाचा दाब वाढला की चेपतात. कूर्चाही झिजू लागते, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

पण लंगडणाऱ्या बहुतेक मुलांच्या सांध्याला नुसती तात्पुरती सूज असते. ती विश्रांतीने ओसरते. दोन्हींतला फरक ओळखायला बॉस्टनच्या कोचर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चार निकष मांडले: ३८.५ अंश सेल्सिअसचा ताप, पायावर भार न देणं, ईएसआर (रक्तातल्या लाल पेशी खाली बसण्याचा वेग, आत दाह असला की वाढतो) ४० किंवा जास्त, रक्तातल्या पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. त्यांच्या हिशेबात दोन निकष जुळले तर संसर्गाची शक्यता सुमारे ४० टक्के, चारही जुळले तर ९९ च्या वर. इतरत्र पडताळलं तेव्हा आकडे इतके चोख आले नाहीत. म्हणून हल्ली सीआरपी, म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, तेही पाहतात.

सोनोग्राफी सांध्यात पाणी आहे एवढंच सांगते; ते पाणी की पू, हे सुई घालूनच कळतं. काढलेल्या द्रवात पांढऱ्या पेशी ५०,००० च्या वर असल्या तर संशय दाट. हा द्रव शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यावा. ‘आधी दोन डोस देऊन बघू’ या सवयीने जंतूचा माग पुसला जातो. चार वर्षांखालच्या मुलांत आढळणारा किंगेला किंगी हा जंतू तर मुळातच लाजाळू, जंतू वाढवून पाहायच्या साध्या कल्चरच्या बशीत सहसा उगवतच नाही. तो हवा असेल तर द्रव ब्लड कल्चरच्या बाटलीत घालावा लागतो, नाहीतर जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते.