मृतदेह कुणाचा? देहदान आणि अवयवदानाच्या कायद्यांची पार्श्वभूमी

देहदानाचा अर्ज भरला, कार्ड पाकिटात ठेवलं, की आपल्या मागे सगळं आपल्या इच्छेप्रमाणे होईल असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात रुग्णालयातून किंवा वैद्यकीय महाविद्यालयातून विचारणा होते ती घरच्यांकडे. त्यांनी मान हलवली नाही, तर अर्ज कपाटातच राहतो. हा निव्वळ भिडेचा किंवा भावनेचा मामला नाही, त्याच्या मुळाशी कायद्याचा एक जुना पेच आहे. माणूस जिवंतपणी आपल्या घरादाराचा मालक असतो, पण मृतदेह ही कुणाची मालमत्ता? इंग्लंडच्या कायद्याचं उत्तर होतं, कुणाचीच नाही. पुढचा बराचसा इतिहास या उत्तरातून निघाला.

त्याचा पहिला फायदा चोरांनी उठवला. अठराव्या शतकात लंडन आणि एडिंबरामध्ये शरीररचना शिकवणाऱ्या शाळा वाढल्या आणि विच्छेदनासाठी प्रेतं कमी पडू लागली. कायदेशीर पुरवठा जेमतेम होता. १५४० साली आठव्या हेन्रीने न्हावी-शल्यविशारदांच्या संघाला वर्षाला फाशी गेलेल्या चार गुन्हेगारांचे देह दिले होते, आणि १७५२ पासून खुन्याच्या शिक्षेतच विच्छेदनाची भर पडली. उरलेली गरज रात्री कबरी उकरून भागवली जाई. ही मंडळी कायदा कोळून प्यायलेली होती. प्रेत कुणाच्या मालकीचं नाही म्हणून ते नेणं हा किरकोळ अपराध, पण प्रेतावरचं कापड मात्र कुणाच्या तरी मालकीचं, म्हणून ते नेलं की सरळ चोरी. त्यामुळे प्रेत उचलताना कफन काढून परत कबरीत टाकण्याची पद्धतच पडली होती.

१८२८ मध्ये एडिंबरातल्या बर्क आणि हेअर या जोडीने उकरण्याचे कष्टही वाचवले. त्यांनी सोळा जणांना मारून त्यांचे देह डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेला विकले. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला, नॉक्सवर खटलाच झाला नाही आणि बर्क जानेवारी १८२९ मध्ये फासावर गेला. त्याच्या देहाचंही विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

या प्रकरणाने, आणि १८३१ मध्ये लंडनमध्ये झालेल्या त्याच जातीच्या खुनांनी, ब्रिटिश संसदेला हात घालायला भाग पाडलं. १८३२ चा शरीररचना कायदा तिथून आला. योगायोग असा की त्याच वर्षी जूनमध्ये तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम वारले. त्यांनी आपला देह विच्छेदनासाठी ठेवला होता आणि त्यांचे डॉक्टर मित्र साउथवूड स्मिथ यांनी ते कामही केलं. स्वेच्छेने दिलेल्या देहाचं ते ठळक उदाहरण होतं. कायद्याने वाट मात्र दुसरीच धरली. ज्याच्याकडे मृतदेहाचा कायदेशीर ताबा आहे, त्याला तो देता येईल असं ठरलं. गरिबांच्या आश्रमात कुणी वारलं आणि न्यायला कुणी आलं नाही, तर हा ताबा आश्रमाच्या व्यवस्थापकाकडे! मेलेल्याने जिवंतपणी लेखी किंवा दोन साक्षीदारांसमोर नकार दिलेला असेल तर तो पाळायचा होता, पण आश्रमातल्या निरक्षर माणसाला हे कोण सांगणार? खुन्यांच्या वाट्याचं विच्छेदन कायद्याने बंद केलं आणि ते निराधारांच्या वाट्याला आलं. कबरी उकरणं थांबलं हे खरं, पण त्याची किंमत कुणी मोजली हेही विसरता येत नाही.

१८८२ मध्ये ‘विल्यम्स विरुद्ध विल्यम्स’ या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने उरलीसुरली शंकाही मिटवली. देह मालमत्ता नाही, म्हणून त्याची विल्हेवाट मृत्युपत्राने लावता येत नाही. मृताची इच्छा ही विनंतीच राहिली.

हा साचा आपल्याकडेही आला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी विच्छेदन केलं तेव्हा अडसर सामाजिक होता. प्रेताला हात लावणं हाच बाट. देहांच्या पुरवठ्याचे कायदे नंतर प्रांताप्रांतांनी केले. मुंबई प्रांताचा शरीररचना कायदा १९४९ चा. त्याचा मूळ रोख बेवारस मृतदेहांवर होता, दान केलेल्या देहाची तरतूद त्यात मागाहून आली. देहदान आजही राज्यांच्या कायद्यांखाली चालतं आणि अवयवदान केंद्राच्या कायद्याखाली. म्हणूनच दोन्हींचे फॉर्म वेगळे, नियमही वेगळे. अवयव काढलेला किंवा पोस्टमॉर्टेम झालेला देह महाविद्यालयं सहसा घेत नाहीत, नेत्रदानानंतरचा मात्र घेतात. दोन्ही अर्ज भरणाऱ्याला हे कुणी आधी सांगत नाही.

प्रत्यारोपण आलं आणि प्रश्नच बदलला. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा मृत्यूनंतर काही तासांनीही काढता येतो, त्यामुळे नेत्रदानाला मृत्यूची जुनी व्याख्या पुरली. हृदयाचं तसं नाही, ते थांबून बराच वेळ गेला की निकामी होतं. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केलं. रुग्ण काही तासच जगला, पण जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. भारतात तेव्हा मेंदूमृत्यू, म्हणजे हृदय चालू असतानाही मेंदू कायमचा बंद पडणं, मानणारा कायदाच नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूचं काम कायमचं थांबणं हाही मृत्यू समजावा, असा अहवाल दिला. त्याच महिन्यात जपानमध्ये साप्पोरोच्या डॉ. वाडा यांनी केलेल्या हृदय प्रत्यारोपणावर पुढे, दाता खरोखर मेला होता का, असा संशय उठला. जपानने कायदा केला १९९७ मध्ये, आणि तिथलं पुढचं हृदय प्रत्यारोपण झालं १९९९ मध्ये. घाईने गमावलेला विश्वास परत यायला तीन दशकं लागली.

भारताचा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. त्याला घाई झाली ती मूत्रपिंडांच्या बाजारामुळे. गरीब माणसं कर्जापायी किडनी विकत होती आणि रोखायला देशभर लागू होईल असं काही नव्हतं. या कायद्याने विक्री गुन्हा ठरवली आणि मेंदूस्तंभाचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या, श्वास चालवणाऱ्या भागाचा मृत्यू मान्य केला. तो ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ, त्यात उपचार करणारा एक. तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. ऑगस्ट १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. महाराष्ट्रात कायदा फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचा समावेश झाला आणि अतिदक्षता विभागातल्या संभाव्य दात्याच्या नातेवाइकांना दानाबद्दल विचारणं रुग्णालयावर बंधनकारक झालं. माझ्या मते ही दुरुस्ती मूळ कायद्याइतकीच मोलाची आहे. विचारलंच नाही तर होकार येणार कुठून?

काही देशांनी प्रश्न उलटा केला, नकार नोंदवलेला नसेल तर होकार गृहीत धरायचा. स्पेनने १९७९ मध्ये, इंग्लंडने २०२० मध्ये. स्पेनचं यश या कलमाला चिकटवलं जातं, पण तिथेही घरच्यांना विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. खरं काम रुग्णालयारुग्णालयांत नेमलेल्या प्रशिक्षित समन्वयकांनी केलं. इंग्लंडला तर आधी उलट दिशेचा धक्का बसला होता. लिव्हरपूलच्या एका बालरुग्णालयात मुलांचे अवयव पालकांना न विचारता वर्षानुवर्षं ठेवल्याचं उघड झालं, आणि २००४ च्या कायद्याने संमती केंद्रस्थानी आणली.

आपल्या कायद्यात १८३२ चा अंश अजून आहे. रुग्णालयात किंवा तुरुंगात पडून असलेला मृतदेह ४८ तासांत कुणी नेला नाही, तर त्यातले अवयव काढायची परवानगी तिथला प्रमुख देऊ शकतो. मृत्यूची व्याख्याही दुभंगलेलीच आहे. अवयवदानाच्या कायद्यात मेंदूस्तंभाचा मृत्यू म्हणजे मृत्यू. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मात्र जीवनाची सर्व चिन्हं कायमची नाहीशी होणं एवढंच लिहिलंय, मेंदूचा उल्लेख नाही. घरच्यांनी दानाला होकार दिला, तर व्हेंटिलेटरवरच्या त्या माणसाला कायदा मृत समजतो. नकार दिला, तर यंत्र बंद करायचं की नाही यावर अनेक डॉक्टर आजही वकिलांचा सल्ला घेतात.