बोटीचा नंबर सापडतो तिथून : क्रिस-क्राफ्टच्या महोगनी बोटींची पार्श्वभूमी

क्रिस-क्राफ्ट या अमेरिकन कंपनीची जुनी लाकडी मोटरबोट हाती आली की आधी शोधायचा तो तिचा नंबर. तो लाकडातच ठोकलेला असतो. इंजिनाच्या झाकणाखाली, आतल्या लाकडांवर साचलेलं तेल, काजळी आणि रंगाचे थर हळूहळू खरवडले की आकडे दिसू लागतात, कधी त्यांच्याआधी एखाद-दोन अक्षरं. हा नंबर व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियमला कळवायचा. कंपनीचं जुनं दप्तर तिथे जपलेलं आहे आणि त्यात बोटींची कार्डं आहेत. इंजिन कोणतं बसवलं, गाद्यांचा रंग कोणता होता, बोट कोणत्या तारखेला कारखान्यातून निघाली, कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली, हे सगळं त्या कार्डावर. कुणाच्या तरी कोठारात वीस-तीस वर्षं धूळ खात पडलेल्या सांगाड्याला अचानक जन्मदाखला मिळतो. या बोटींवर जीव लावणारी माणसं अमेरिकेत आजही इतकी का आहेत, याचं निम्मं उत्तर मला त्या कार्डात दिसतं.

ही कार्डं जिथे लिहिली गेली ते गाव म्हणजे मिशिगनमधलं अल्गोनॅक. डेट्रॉईटकडच्या मराठी मंडळींना हा तासाभराचा रस्ता. सेंट क्लेअर नदी इथे तळ्याला मिळण्याआधी फाटे फुटून पसरते. सगळीकडे दलदल, लव्हाळी आणि बदकं. १८६१ मध्ये जन्मलेला क्रिस्टोफर कोलंबस स्मिथ याच पाण्यावर वाढला. भाऊ हेन्रीबरोबर तो बदकांच्या शिकारीसाठी लागणाऱ्या होड्या बनवू लागला. पहिली होडी त्यानं तेराव्या वर्षी बांधली असं सांगतात आणि कंपनी आजही आपली सुरुवात १८७४ पासून मोजते. पुढे होड्यांमध्ये पेट्रोलचं इंजिन आलं आणि स्मिथला वेगाचं वेड लागलं.

१९१५ मध्ये डेट्रॉईटकरांच्या वर्गणीतून त्यानं बांधलेल्या 'मिस डेट्रॉईट'नं मोटरबोटींच्या शर्यतीतला गोल्ड कप जिंकला. ही बोट पुढच्याच वर्षी गार वूडनं विकत घेतली. मालट्रकची मागची पेटी उचलून माल ओतणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रावर वूडनं बक्कळ पैसा केला होता. त्याचा पैसा आणि स्मिथचे हात एकत्र आले, आणि १९२० मध्ये 'मिस अमेरिका'नं इंग्लंडच्या पाण्यात जाऊन हार्म्सवर्थ ट्रॉफी, म्हणजे मोटरबोटींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीचा चषक, पटकावली. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्यावरही वूड थांबला नाही. १९३२ मध्ये त्यानं चार पॅकार्ड इंजिनांची 'मिस अमेरिका टेन' अल्गोनॅकजवळच्याच पाण्यावर ताशी १२४.८६ मैलांनी, म्हणजे जवळपास २०० किलोमीटर वेगानं पळवली. लाकडी बोट आणि हा वेग. आजही वाचताना अंगावर काटा येतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट मात्र १९२२ मध्ये घडली. स्मिथ आणि त्याच्या मुलांनी वूडपासून वेगळं होऊन स्वतःची कंपनी काढली. शर्यतींसाठी एकेक बोट बांधण्यापेक्षा एकाच साच्याच्या अनेक बोटी बांधून विकायच्या, असा त्यांचा विचार होता. सुरुवातीच्या बोटी २६ फुटी होत्या. इंजिनाचा प्रश्न पहिल्या महायुद्धानं सोडवला होता. लष्करी विमानांसाठी बनलेली कर्टिस ओएक्स-५ इंजिनं युद्ध संपल्यावर स्वस्तात विकायला निघाली होती, ती बोटीत बसतील अशी बदलून घेतली. बोटींना नाव पडलं क्रिस-क्राफ्ट. मोटारगाडीसारखीच बोटही ठरलेल्या मॉडेलची, ठरलेल्या किमतीला, विक्रेत्याच्या दुकानातून घ्यायची, ही सवय अमेरिकेला लावण्यात या कुटुंबाचा मोठा वाटा आहे.

हे नीट लक्षात घेतलं नाही तर आजची दुरुस्ती का इतकी वेळखाऊ आहे ते समजत नाही. आज या बोटी दागिन्यांसारख्या चमकताना दिसतात, म्हणून त्या कुणा कलाकारानं वर्षभर खपून घडवल्या असाव्यात असं वाटतं. त्या कारखान्यात भराभर बांधल्या गेल्या होत्या. सांगाडा पांढऱ्या ओकचा, फळ्या महोगनीच्या, आणि त्याही बऱ्याचदा फिलिपाइन महोगनी नावानं विकल्या जाणाऱ्या लाकडाच्या, जे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं खरं महोगनी नव्हेच. तळाला फळ्यांचे दोन थर आणि मध्ये मलम लावलेलं कापड. सगळं जोडलेलं पितळी स्क्रूंनी. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त झिजून जातं आणि स्क्रू आतून भुसभुशीत होतो. कापडावरचं मलमही वर्षांनुवर्षांत वाळून जातं. पन्नास वर्षांनी नातवंडं तळ उघडून बसतील, हा विचार तेव्हा कुणी केला असेल असं मला वाटत नाही. पण ज्या रीतीनं बोट जोडली होती, त्याच रीतीनं ती उलगडता येत होती. त्यावरच या बोटी तरल्या.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यानं सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटी हजारोंच्या संख्येनं बांधल्या. युद्धानंतरची वर्षं भरभराटीची होती. सुट्टीला तळ्याकाठी घर आणि धक्क्याला बांधलेली महोगनीची बोट, हे मध्यमवर्गाच्या आवाक्यातलं स्वप्न झालं. ज्यांना तेही परवडत नव्हतं त्यांच्यासाठी १९५० पासून घरी जोडायच्या बोटींचे संच निघाले. १९५५ मध्ये 'कोब्रा' आली, १८ आणि २१ फुटी, मागे सोनेरी रंगाचं कल्ल्यासारखं शेपूट असलेली. ते शेपूट फायबरग्लासचं होतं. महोगनीच्या बोटीवर तिला पुढे संपवणारा पदार्थ असा सजावट म्हणून चढला. १९६० मध्ये स्मिथ कुटुंबानं कंपनी ४ कोटी डॉलरला विकली, १९६४ मध्ये ३८ फुटी फायबरग्लासची 'कमांडर' बाजारात आली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लाकडी बांधणी थांबली. फायबरग्लासला दरवर्षी व्हार्निश नको, पाण्यात लाकूड फुगून सांधे बंद होण्याची वाट बघायला नको. लोकांनी तो स्वीकारला यात नवल नाही. लाकडी बोटी मात्र किती जाळल्या, किती तशाच कुजू दिल्या, याला गणतीच नाही.

हळहळ सुरू झाली ती याच काळात. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लेटन गावी, सेंट लॉरेन्स नदीवर, जुन्या बोटींचा मेळा साठच्या दशकापासून भरतो आहे. तिथलं अँटिक बोट म्युझियम आज या विषयाचं तीर्थक्षेत्र आहे. १९७५ मध्ये लेक जॉर्जला अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी स्थापन झाली. तिनं वयाचे गट पाडले : १९१८ पर्यंतच्या बोटी ऐतिहासिक, १९१९ ते १९४२ अँटिक, १९४३ ते १९७५ क्लासिक.

आता प्रत्यक्ष काम. बोट आधी उलटी करतात. तळाच्या फळ्या शेकडो स्क्रूंनी बसवलेल्या, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडाचं गोल बूच. ते बूच पटाशीनं उकरायचं, स्क्रूच्या खाचेतला जुना रंग टोकदार सळईनं काढायचा, मग स्क्रू फिरवून बघायचा. कधी तो सरळ निघतो, कधी डोकं तुटून हातात येतं आणि उरलेला दांडा खोदून काढावा लागतो. निघालेली फळी फेकायची नाही, नव्या फळीचा साचा तीच. परत जोडताना स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे, आणि वरच्या बाजूंना बूच बसवताना त्याची रेषा फळीच्या रेषेशी जुळवायची. नाही जुळवली तर व्हार्निशखाली ते बूच गोंदल्यासारखं कायमचं उठून दिसतं. मग रंग धरणारी लांबी चोळायची, आणि त्यावर व्हार्निशचे दहा-पंधरा हात. प्रत्येक हातानंतर वाळू द्यायचं, घासायचं, धूळ पुसायची. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी हे करणाऱ्याचे तीन-चार हिवाळे सहज जातात. कारखान्यानं जे भराभर उरकलं, ते एकट्यानं, उलट्या क्रमानं आणि पुन्हा सुलट करायचं आहे.

तळाबद्दल मात्र या मंडळींत खरे मतभेद आहेत. बरेच जण कापड आणि मलमाऐवजी दोन थरांमध्ये ५२०० नावाचं सीलंट, म्हणजे सांधे बंद करणारं चिकट द्रव्य, भरतात. तळ पाणी पीत नाही, फुगवावा लागत नाही. कट्टर लोक म्हणतात, मग ती बोट त्या कार्डावरची राहिली कुठे? मेळ्यांमध्येही जपलेली बोट आणि दुरुस्त केलेली बोट वेगवेगळ्या गटांत तपासतात. माझं मत विचाराल तर तळ बदलावा, कारण बुडालेल्या मूळ बोटीपेक्षा पळणारी बोट बरी. पण वरच्या फळ्या, जिथे जिथे वाचतील तिथे, वाचवाव्यात. त्यांवर पडलेलं सत्तर वर्षांचं ऊन विकत मिळत नाही.

आणि ज्यानं जुन्या पद्धतीचाच तळ केला आहे, त्याची शेवटची परीक्षा धक्क्यावर होते. हिवाळाभर कोरड्या जागेत राहून फळ्या आकसलेल्या असतात, त्यामुळे बोट पाण्यात सोडली की सांध्यांतून पाणी आत येतं, कधी चांगलंच धो-धो. म्हणून ती पट्ट्यांवर टांगूनच पाण्यात ठेवतात, पंप चालू ठेवतात आणि लाकूड पाणी पिऊन फुगायची वाट बघतात. पहिल्या रात्री पंप थांबतच नाही. मालक धक्क्यावर खुर्ची टाकून बसतो. दुसऱ्या दिवशी पंप अधूनमधून बंद होऊ लागतो. मग कधीतरी पहाटे तो बराच वेळ गप्प राहतो, आणि मालक उठून इंजिनाचं झाकण उघडतो.