गोधडी : शरदातलं धुणं, उसवणं आणि शिवणं

गोधडी म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकावर एक पसरून हाताच्या धावदोऱ्याने एकत्र शिवलेलं अंथरूण किंवा पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात, वऱ्हाडात तोच शब्द वाकय होतो आणि कर्नाटकात शिरलं की कौदी. तान्ह्या बाळासाठी शिवतात ते लहान आणि पातळ असतं, त्याला दुपटं म्हणायचं. शहरातली मंडळी गोधडी आणि घोंगडीत हमखास गल्लत करतात, म्हणून आधीच सांगून टाकतो, घोंगडी ही मेंढीच्या लोकरीची असते, मागावर विणलेली, तिला सुईचं काही देणंघेणं नाही. रजई किंवा दुलईत पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत असं बाहेरून काहीच भरत नाहीत, कापडाच्या आत कापड आणि त्याच्याही आत कापड, बस.

नव्या गोधड्या शिवायचा मोठा सीझन तसा उन्हाळा, शेतात काम कमी आणि दिवस लांब. पण गोधडीचं जे दुसरं काम असतं, म्हणजे धुणं, तपासणं, उसवलेलं टाचणं, विरलेलीवर नवा थर चढवणं, ते शरदात येतं, आश्विन-कार्तिकात. माझ्या मते खरी गोधडी या दुसऱ्या कामातच घडते, कारण गोधडी एकदा शिवली आणि संपली असं कधी होत नाही. घरातल्या वीस वर्षांच्या गोधडीत वीस वर्षांपूर्वीचं नेमकं किती उरलंय हे तिच्या मालकिणीलाही सांगता येत नाही.

घट बसायच्या आधी

पावसाळाभर गोधड्या ओलसर हवेत पडून असतात. सुती कापड हवेतली ओल धरतं, थर जाड म्हणून ती आत अडकते, मग कुबट वास येतो आणि जास्तच झालं तर काळे ठिपके, म्हणजे बुरशी. म्हणून पितृपक्ष सरत आला की नवरात्राच्या साफसफाईत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. घट बसायच्या आत घर आणि घरातला कपडा न् कपडा धुतलेला पाहिजे असा रिवाज आहे, आणि खेड्यात अजूनही त्या आठवड्यात नदीवर, ओढ्यावर, कॅनॉलवर जागा मिळत नाही. पूर्वी बैलगाडी असायची, आता ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा मोटारसायकलवर पुढे एक गठुडं मागे एक गठुडं आणि मधे कसाबसा बसलेला माणूस.

गोधडी धुणं हे एकटीचं कामच नाही. कोरडी असताना काखेत मावणारी गोधडी पाणी प्यायली की दोघींना उचलत नाही. आधी सोड्याच्या पाण्यात भिजत घालायची, मग दगडावर टाकून धोपाटण्याने बडवायची, आणि पिळायची वेळ आली की दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशांना पीळ द्यायचा, त्यात एकीचा हात सुटला की दुसरी पाण्यात बसते आणि सगळ्या घाटावर हसू पिकतं. वाळायला खडक, कुंपण, गच्ची, जे सापडेल ते. याच दिवसांत हस्त नक्षत्र असतं, साधारण सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या १० तारखेपर्यंत, आणि हस्ताचा पाऊस दुपारी कधी गडगडाट करत येईल याचा नेम नसतो. अर्धवट वाळलेली गोधडी पुन्हा भिजली की चीड येते ती वेगळीच. एकदा का हस्त सरला की मग ऑक्टोबरचं कडक ऊन, दोन दिवस दोन्ही बाजूंनी तापवली की गोधडी हलकी होते, फुगते, आणि तिला तो उन्हाचा वास येतो.

हे फुगणं महत्त्वाचं. ऊब कापडाची नसते, थरांच्या मधे अडकलेल्या हवेची असते. वर्षभर अंगाखाली दबून थर चपटे होतात, धुवून वाळवली की पुन्हा थोडी हवा शिरते. म्हणून तीच गोधडी कोजागरीनंतरच्या पहाटेच्या गारव्यात नवी असल्यासारखी उबदार वाटते.

उसवणं

वाळलेली गोधडी ओट्यावर पसरली की तपासणी सुरू होते. सगळ्यात आधी झिजतो तो वरचा काठ, कारण रात्रभर तो हनुवटीपर्यंत ओढला जातो, मग पायाकडची बाजू. कुठे दोरा तुटलाय, कुठे कापड विरलंय ते हाताने चाचपूनच कळतं. लहानसं भोक असेल तर ठिगळ. पूर्ण पृष्ठभागच विरला असेल तर जुने टाके उसवत बसत नाहीत, वरून नवं लुगडं पसरायचं आणि सगळी गोधडी पुन्हा शिवून काढायची, की जुनी गोधडी नवीच्या पोटात गेली.

त्यामुळे फाटलेल्या कोपऱ्यातून आत डोकावलं की घराचा इतिहास दिसतो, आणि हे मी अलंकारिक वगैरे बोलत नाहीये. आमच्या घरी एक आहे, तिच्या कोपऱ्यात वर फिकट निळी साडी, तिच्याखाली तपकिरी चौकडीचं लुगडं, आणि त्याच्याही खाली कुणाच्या तरी खाकी शर्टाचा खिसा तसाच राहिलाय, शिवणाऱ्या बाईने बटण काढून घेतलं पण खिसा उसवायचा कंटाळा केला. लहानपणी आम्ही त्या फटीतून बोटं घालून त्या खिशात चिंचोके लपवायचो.

कापडाचं आयुष्य असं ठरलेलंच असायचं. नवं लुगडं सणाला, मग रोजचं, मग मधे विरलं की दांड घालायची, म्हणजे विरलेला पट्टा कापून दोन धड भाग जोडायचे, मग तेही गेलं की धडपे, म्हणजे जुन्या कापडाचे उरलेले तुकडे, आणि धडप्यांची गोधडी. नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, त्यात चांगला भाग निवडून दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग निघतात. आतले थर धोतर, शर्ट, परकर, जे हाती लागेल त्याचे. जुनंच कापड घेण्यामागे काटकसर तर आहेच, पण नुसती काटकसर नाही. शेकडो वेळा धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते, धागा मऊ पडलेला असतो आणि त्यातून सुई सहज जाते. नव्या कोऱ्या कापडाची गोधडी पहिली दोन वर्षं टोचते. दुपट्यासाठी तर मुद्दाम आजीचं सगळ्यात जुनं लुगडं शोधतात.

शिवणं

शिवायला लागतं काय, एक लांब जाड सुई, जाड सुती दोरा आणि सपाट जमीन. बोटाला टोपण लावणाऱ्या थोड्या, बाकीच्यांच्या बोटाला घट्टेच पडलेले असतात. जमीन झाडून खालचं कापड पसरायचं, कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, दगड असं जड काहीतरी ठेवायचं म्हणजे ते ताणून राहतं, वर एकेक थर हाताने सपाट करत घालायचा, शेवटी वरचं कापड, आणि मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळं टाचून घ्यायचं. टाचण्यात कंटाळा केला की पुढे भोगावं लागतं, कारण गोधडी कडेकडून आत शिवत नेतात, एकात एक चौकोन होत जातात, आणि थर सरकत असतील तर सगळा फुगवटा मधे जमा होतो. याला गोधडीला पोट आलं म्हणतात. आलेलं पोट नंतर बसवता येत नाही.

टाका साधा धावदोऱ्याचा, पण किती टाके पडतात याचा हिशोब मी एकदा मांडला होता. सहा फूट बाय चार फूट गोधडी, ओळींत बोटभर म्हणजे साधारण २ सेंटीमीटर अंतर, तर सगळ्या ओळी एकापुढे एक लावल्या की ११० मीटरच्या वर शिवण होते. अर्धा सेंटीमीटर टाका आणि तेवढीच फट धरली तर ११,००० टाके. ओळी निम्म्या अंतरावर घेतल्या की २२,०००. ही एका गोधडीची गोष्ट. एकटीने रोज दुपारचं काम उरकून बसायचं म्हटलं तर आठवडेच्या आठवडे जातात.

म्हणूनच हे काम सावडीने होतं. सावड म्हणजे आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे, मधे पैसा नाही, शेतातल्या कामाला असते तीच रीत. चार बाजूंना चौघी बसतात आणि आपापल्या कडेने आत सरकत येतात, सुरुवातीला एकमेकींशी ओरडून बोलावं लागतं, संध्याकाळपर्यंत गुडघ्याला गुडघा लागतो आणि तोपर्यंत बोलणंही हळू आवाजातलं झालेलं असतं. शरदात मात्र बायकांना सवड फार नसते हेही खरंय, बाजरी-सोयाबीनची काढणी, रब्बीची पेरणी सगळं डोक्यावर असतं, त्यामुळे मोठी बैठक जमते ती दिवाळीत. भाऊबीजेला लेकी माहेरी येतात, येताना आपल्या जुन्या साड्यांचं बोचकं घेऊन येतात, आणि आई, बहिणी, वहिनी, शेजारची काकू अशा सगळ्या मिळून चार-पाच दिवसांत एक तरी गोधडी पार पाडतात. ती बहुतेक वेळा जिच्या घरी बाळ यायचंय तिच्यासोबत जाते.

मजा अशी की चौघींचा टाका चार प्रकारचा असतो आणि तो गोधडीवर तसाच राहतो. एका बाजूला तांदळाच्या दाण्याएवढे बारीक टाके, दुसरीकडे कुणीतरी घाईत उड्या मारत गेलेली, एका कोपऱ्यात दहा वर्षांच्या पोरीने पहिल्यांदा सुई धरून घातलेली वाकडीतिकडी ओळ. शहाण्या बायका ती ओळ उसवत नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंनी घट्ट ओळी घालून तिला सांभाळून घेतात.

कॉटन गेलं, सिंथेटिक आलं

आजकाल घरात सुती लुगडीच उरली नाहीत ही गोधडीची खरी अडचण. सिंथेटिक साडी फाटत नाही, रंग जात नाही, म्हणून लोकांना वाटतं गोधडीला बेस्ट, पण ती घाम शोषत नाही, आणि कापड गुळगुळीत असल्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात, टाका ढिला पडतो. उपाय साधा आहे, सिंथेटिक आत घालायचं आणि अंगाला लागणारी बाजू सुतीच ठेवायची, जुनी चादर किंवा कॉटनचा दुपट्टाही चालतो. ओळीसुद्धा जवळ जवळ घ्यायच्या.

दुसरं म्हणजे मशीन. मशीनवर गोधडी काही तासांत होते, बचत गटांच्या बायका अशा शिवून विकतात आणि त्यांना त्यातून चार पैसे मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. फरक फक्त हाताला कळतो. मशीनचा टाका थर दाबून टाकतो, गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते, हाताच्या टाक्यात दोन टाक्यांमधे कापड थोडं फुगतं आणि त्यातून ती सुरकुतलेली मऊ नक्षी तयार होते. दुकानात 'हॅण्डमेड' म्हणून मिळणाऱ्या गोधडीची उलटी बाजू बघावी. धावदोरा दोन्हीकडून तुटक तुटकच दिसतो, मशीनची शिवण दोन्हीकडून सलग असते.

भावंडं

संस्कृतातली कंथा ती हीच, आणि बंगालमधलं कांथा, तेही याच घरातलं. तिथल्या बायकांनी धावदोऱ्यातूनच फुलं, मासे, माणसं काढली. बिहारमधली सुजनी तशीच, सिंध-कच्छ-राजस्थानकडे रल्ली. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, ते कवंद शिवतात, त्यात रंगीत तुकड्यांची ठिगळं हीच नक्षी असते, आणि चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घालून केलेली फुलं लागतात, ती नसली तर कवंद नागडं म्हणतात. उत्तर जपानच्या शेतकऱ्यांच्या ठिगळांवर ठिगळं लावलेल्या निळ्या कपड्यांना बोरो म्हणतात. अमेरिकेत बायका लाकडी चौकटीवर क्विल्ट ताणून भोवती बसतात, आपल्याकडे चौकट नाही, जमीनच चौकट. त्यातही अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरलेल्या जुन्या कपड्यांतून केलेली क्विल्ट आपल्या वाकळीच्या फार जवळची आहेत, २००२ मध्ये ती मोठ्या म्युझियममध्ये लागली आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटंही निघाली.

आपल्याकडे गोधडीला असा मान मिळाला नाही, ती गरिबीची खूण मानली गेली. अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन गावोगाव झाडू मारत फिरणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणायचे. पाहुणे आले की गोधड्या आतल्या खोलीत लपवून वर चादर घालणारी घरं मीही पाहिलीत.

शेवटचा वापर

शरदाच्या तपासणीत जी गोधडी अगदीच कामातून गेलेली निघते ती नवीच्या पोटात जाते हे वर आलंच. तेवढीही धड नसेल तर तिचे तुकडे करून दाराशी पायपुसणं, चुलीवरचं पातेलं उतरवायला फडकं. एखादा मोठा तुकडा मात्र गोठ्यात दोरीवर टाकून ठेवतात, मार्गशीर्षाच्या थंडीत म्हैस व्याली की रेडकाच्या अंगावर घालायला.