बोलींमधील अंतराचे मापन : बेळगाव सीमाभाग

एकाच भाषेच्या दोन बोली एकमेकींपासून किती दूर आहेत, हे आकड्यांत मांडणाऱ्या अभ्यासपद्धतीला बोलीमापन म्हणता येईल. निपाणीची बोली वेगळी, खानापूरची वेगळी, हे त्या भागात वावरणारा कोणीही सांगतो. किती वेगळी, कशात वेगळी आणि कोणत्या गावापासून पुढे वेगळी, हे मात्र मोजावेच लागते.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झाँ सेगी यांनी नैऋत्य फ्रान्समधील गास्कोनीच्या बोली-नकाशावर काम करताना १९७३ साली या पद्धतीला नाव दिले. गावांच्या जोड्या घ्यायच्या आणि ठरावीक यादीतल्या किती बाबतींत त्यांचे बोलणे जुळत नाही ते मोजायचे, अशी त्यांची रीत होती. पुढे रशियन गणिती व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांची अक्षरमालांतले अंतर काढण्याची युक्ती बोलींसाठी वापरात आली. ब्रेट केस्लर यांनी १९९५ मध्ये ती आयर्लंडच्या गेलिक बोलींना लावली आणि नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात जॉन नेरबोन व विल्बर्ट हीरिंगा यांनी तिला पक्के रूप दिले.

युक्ती साधी आहे. एका बोलीतला उच्चार दुसऱ्या बोलीतल्या उच्चारापर्यंत न्यायला कमीत कमी किती ध्वनी बदलावे, गाळावे किंवा घालावे लागतात, ते मोजायचे. ‘वेळ’चे ‘येळ’ होताना तीन ध्वनींपैकी एक बदलतो, म्हणजे अंतर ३३ टक्के. ‘विहीर’ची ‘हीर’ होताना पाचांपैकी दोन ध्वनी गळतात, म्हणजे ४० टक्के. ‘पाहिजे’चे ‘पायजे’ होताना ‘ह’ गळतो आणि ‘इ’चा ‘य’ होतो. सहा ध्वनींत दोन बदल. अशा शे-दोनशे शब्दांची सरासरी काढली की दोन गावांमधले अंतर हाती येते. ‘कुठे’ आणि ‘खंय’ ही जोडी मात्र या हिशेबात बसवू नये. तिथे एक शब्द जाऊन दुसराच आलेला असतो, आणि शब्दभेदाचे खाते वेगळेच ठेवावे लागते.

सीमाभागाची मराठी एकजिनसी नाही. बिदर जिल्ह्यातील भालकी, औरादकडची मराठी मराठवाड्याला लागून आहे. निपाणी, चिकोडीचे बोलणे कोल्हापूरला जवळचे. अथणी, कागवाडचे मिरजेकडे झुकलेले. खानापूर तालुका गोव्याला भिडतो आणि तिकडे सरकत जावे तसे कोकणीचे रंग गडद होतात. चोर्ला आणि आंबोली घाटांतून माणसांची आणि मालाची ये-जा जुनी आहे. त्यामुळे नकाशावर एक ठळक रेघ मारून अलीकडे मराठी आणि पलीकडे कोकणी अशी वाटणी करता येत नाही. एकेक वैशिष्ट्य आपापल्या ठिकाणी थांबते, आणि मापनाचा खरा उपयोग हे थांबे दाखवण्यात आहे. राज्याची हद्दही बोलीची हद्द ठरत नाही. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग तो कोल्हापूर जिल्ह्यात गेला. म्हणून चंदगडच्या माणसाला बेळगावात ‘काय गा?’ हे ऐकताना परके वाटत नाही.

या भागात बोलीमापनाची सर्वांत कठीण कसोटी व्याकरणात लागते. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात अनेक स्त्रिया ‘मी जाते’ऐवजी ‘मी जातो’ म्हणतात. ध्वनी मोजले तर चारांत एक, आणि तोही स्वर. वरची युक्ती हा फरक ‘येळ’पेक्षाही किरकोळ धरील. प्रत्यक्षात इथे क्रियापदाचा लिंगभेदच मिटलेला असतो. कन्नडमध्ये ‘मी’बरोबर येणाऱ्या क्रियापदाला लिंगभेद नसतो, हे ध्यानात घेतले तर या एका स्वराचे वजन कळते. ‘करतोय’च्या जागी येणाऱ्या ‘करालाय’, ‘करूलाय’ या रूपांचेही तसेच: त्यांची नोंद शब्द म्हणून न करता क्रियापदाची घडण म्हणून करायला हवी.

जॉन गम्पर्ज आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाविषयी लिहिलेला लेख यासाठी मुळातून वाचावा असा आहे. गावात कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले. पण वाक्याची बांधणी इतकी एकसारखी झाली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत उतरवता येई. केवळ शब्दयादी घेऊन बसलेला अभ्यासक अशा गावात मोठे अंतर नोंदवील आणि मुख्य गोष्टच त्याच्या हातून निसटेल. सीमाभागात ध्वनी, शब्द आणि व्याकरण यांची अंतरे वेगवेगळी काढावीत. त्यांची एकच बेरीज दिशाभूल करते.

मोजण्यासाठी सामग्री आहे. ब्रिटिश अधिकारी व भाषाभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात बायबलमधील उधळ्या मुलाची एकच गोष्ट निरनिराळ्या बोलींत उतरवलेली आहे. भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात कुडाळीसह अनेक बोलींची वर्णने केली. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. जनगणनेचे आकडे मात्र इथे कामाचे नाहीत. माणूस आपल्या मातृभाषेचे नाव काय सांगतो हे ते दाखवतात, तो कसा बोलतो हे दाखवत नाहीत. मापनातून निघालेले अंतरही कोणाची भाषा कोणती हे ठरवत नाही, आणि सीमावादात ते पुरावा म्हणून पुढे करणे गैर आहे.

नोंदी घेताना एक अडचण हटकून येते. रेकॉर्डर सुरू झाला की शाळा शिकलेला माणूस ‘शुद्ध’ बोलू लागतो आणि ‘हाय’चे ‘आहे’ होते. ‘तुम्ही याला काय म्हणता?’ असे विचारले तर पुस्तकी शब्द मिळतो. त्यापेक्षा चित्र दाखवावे, उसाच्या लावणीची किंवा घरातल्या लग्नाची हकिगत सांगायला लावावी. सोबत वय, शिक्षण, जात, माहेरचे गाव आणि घरात कानडी किती चालते हेही टिपावे. खानापूरच्या एखाद्या घरात सून निपाणीकडची असेल, तर तिचे बोलणे सासूच्या बोलण्याबरोबर एकाच गावाच्या खात्यावर मांडता येत नाही.